तीनशे ब्याऐंशीवा पहारा

बुधवारी संध्याकाळी मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ओढत होतो, तेव्हा शेजारच्या कणीसकाकांनी हाक मारली. आवाज दबका. आमच्या गावाकडे ‘जरा दोन हजार आहेत का’ विचारताना लागतो तसला.

कणीसकाका हे नाव आम्ही घरात ठेवलेलं. सामन्याच्या दिवशी हा सदुसष्ट वर्षांचा सद्गृहस्थ फोमचं हातभर लांब मक्याचं कणीस डोक्यावर चढवून घराबाहेर पडतो. त्या कणसामुळे गाडीत त्यांना मान वाकडी करूनच बसावं लागतं. आम्ही राहतो लिंकनला. नेब्रास्का राज्याची राजधानी. ‘म्हणजे न्यूयॉर्कपासून किती लांब?’ असं पुण्याहून मामा दर दिवाळीला विचारतात आणि मी दर दिवाळीला ‘लांबच’ म्हणतो.

“शुक्रवारी काय करतोयस?” काकांनी विचारलं.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवसाचा शुक्रवार. दिवसभर झोपायचा माझा बेत होता. हे खरं सांगितलं, इथेच फसलो.

झालं होतं असं, की काकांची लेक डेन्व्हरला आदल्या रात्रीच बाळंत झाली होती, तारखेच्या नऊ दिवस आधी. नातीच्या जन्माचा आनंद काकांच्या चेहऱ्यावर होताच, पण त्याच्या आत कुठेतरी ‘नऊ दिवस थांबली असती तर’ हेही होतं. काकू कडक. शुक्रवारी डेन्व्हर म्हणजे डेन्व्हर. आणि शुक्रवारी मेमोरियल स्टेडियमवर शेजारच्या आयोवा राज्याच्या संघाविरुद्ध मोसमातला शेवटचा घरचा सामना. काकांची जागा रिकामी राहणार होती.

आता या रिकाम्या जागेचं प्रकरण सांगितलं पाहिजे. ३ नोव्हेंबर १९६२ पासून नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा प्रेक्षकांना खुला असलेला घरचा एकही सामना असा झालेला नाही की ज्याची सगळी तिकिटं विकली गेली नाहीत. हे फुटबॉल म्हणजे हातात लांबुळका चेंडू घेऊन एकमेकांच्या अंगावर धावून जाण्याचं. त्या पहिल्या दिवशी मिझुरीशी सामना होता आणि आपण तो हरलो. ('आपण' म्हणतोय मी. चार वर्षांत एवढं होतं.) आठ वर्षांचे कणीसकाका वडिलांच्या मांडीवर बसून तो पराभव बघत होते. तेव्हापासून हाऊसफुल्लचा बोर्ड उतरलेला नाही. मी सांगतोय तो २०२१ सालचा शुक्रवार सलग तीनशे ब्याऐंशीवा.

इतकी माणसं येतात कुठून, हे मलाही पहिल्या वर्षी कळेना. अख्ख्या राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. पण राज्यात कुठलाही मोठा व्यावसायिक संघ नाही, ना फुटबॉलचा, ना बास्केटबॉलचा, ना बेसबॉलचा. जे काय प्रेम आहे ते एकाच ठिकाणी ओतायचं. सामन्याच्या दिवशी स्टेडियमात पंच्याऐंशी-नव्वद हजार लोक असतात. त्यामुळे ओमाहा पहिलं, लिंकन दुसरं आणि ते स्टेडियम हे नेब्रास्कातलं तिसरं मोठं शहर, असं इथे लहान पोरही सांगतं. या तिसऱ्या शहराचे नागरिक पहिल्या दोन शहरांतले आणि मधल्या सगळ्या मक्याच्या शेतांतले असतात. सगळे लाल कपड्यांत, आणि माझ्या मते सगळे माझ्याच पुढे सिग्नलला.

“पण काका,” मी म्हटलं, “तिकीट तर तुम्ही कधीच घेतलंय. विकलं गेलं म्हणजे मोजणीत आलं. जागा रिकामी राहिली काय अन् भरली काय!”

मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे नाटकाला हाऊसफुल्लचा बोर्ड लागतो आणि आत पाहावं तर निम्म्या खुर्च्यांवर पासवाले, निम्म्यांवर पासवाल्यांचे कोट. इथेही तेच सुरू झालं होतं. सत्तर-एकाहत्तर साली राष्ट्रीय विजेतेपद, मग टॉम ऑस्बर्न हे प्रशिक्षक पंचवीस वर्षं, त्यांच्या हाताखाली चौऱ्याण्णव, पंच्याण्णव आणि सत्त्याण्णवला पुन्हा विजेतेपद. असल्या वैभवानंतर उतरती कळा अशी लागली की त्या मोसमात तोवर अकरापैकी आठ सामने हरलो होतो, आणि गंमत म्हणजे आठही एक आकडी फरकानं. सरळ चाळीस गुणांनी हरलं की माणूस घरी जाऊन जेवतो. तीन गुणांनी हरलं की जेवण जात नाही. त्याच वर्षी उरलेली तिकिटं खपेनात, तेव्हा देणगीदारांनी ती विकत घेतली आणि गरजू मुलांना सामना दाखवला. परंपरा टिकली.

काका माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “विकलेली तिकिटं ते मोजतात. मी जागा मोजतो.”

आणि इथे माझ्या पोटात एकदम काहीतरी हललं, कारण हे मी आधी ऐकलेलं होतं. आमचं गाव नेवाशाकडचं. दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह. मंडपात विणेकरी उभा असतो आणि सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. फळ्यावर खडूनं पहाऱ्याची नावं लिहिलेली. मी नववीत असताना रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला एक आजोबा तापानं फणफणले आणि कुणीतरी माझ्या वडिलांना म्हणालं, ‘पोरगं मोकळंच आहे की तुमचं.’ मंडपात पाच टाळकरी, त्यातले तीन झोपलेले, ऐकणारं कुत्रं एक. मी वीणा गळ्यात घेऊन डुलक्या खात दोन तास उभा. विचारलं होतं मी वडिलांना, की बघतंय कोण? त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. नुसतं बघितलं होतं, काकांसारखंच.

म्हटलं, “पाठवा तिकीट.”

तिकीट फोनवर आलं. सोबत सूचना आल्या. लाल घाल, लवकर जा, शेवटपर्यंत बस. ‘शेवटपर्यंत’ दोनदा लिहिलेलं.

शुक्रवारी बाहेर चांगलीच थंडी होती. मी लाल टी-शर्ट घातला, त्यावर स्वेटर, त्यावर माझं काळं जॅकेट. निघताना ही म्हणाली, “अहो, आईंनी विणलेला मफलर घ्या. कान झाका.” आईनं विणलेला मफलर हळदीसारखा पिवळाधमक. जेजुरीला गेल्यासारखं वाटतं तो गुंडाळला की. घेतला.

गाडी दीड-दोन मैल अलीकडे लावून चालत निघालो. रस्त्याकडेला गाड्यांची मागची दारं उघडून लोक शेगड्या पेटवून बसलेले, सगळं लालेलाल. पण वातावरणात काहीतरी खटकत होतं. लोक माझ्याकडे बघून हसत होते आणि हसणं जरा जास्तच सभ्य होतं. एक बाई म्हणाल्या, “प्रवास बरा झाला ना?” मी म्हटलं, हो, वीस मिनिटं लागली. त्या गोंधळल्या. पुढच्या कोपऱ्यावर मात्र काळ्या जॅकेटातला एक अगडबंब गडी धावत आला, माझ्या तळहातावर फाडकन टाळी दिली आणि दंडाला धरून गदगदा हलवत आनंदानं ओरडला. चार वर्षांत या गावात मला कुणी इतक्या प्रेमानं भेटलं नव्हतं. त्याची टोपी पिवळी होती.

काळा आणि पिवळा हे आयोवाचे रंग आहेत.

माझा लाल टी-शर्ट स्वेटरच्याही आत होता. भक्ती अंतर्यामी होती, पण तिथे ती बघणार कोण?

गेटवर वेगळीच अडचण. माझ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत चार डिंकाचे लाडू. पिशवी आत न्यायची तर ती पारदर्शक हवी, हा नियम सगळ्या राज्याला पाठ, मला सोडून. गाडीपर्यंत परत जायचं तर दोन मैल. लाडू टाकायचे तर ते आईच्या हातचे, चिपळूणच्या मावशीमार्फत आलेले. मी गेटच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून चारही लाडू उभ्यानं संपवले आणि पिशवीची घडी करून खिशात घातली. चौथा लाडू उतरत असताना सुरक्षारक्षक म्हणाला, “शुभेच्छा. लागतील तुम्हाला.” तो सामन्याबद्दल बोलत होता असं मी धरून चाललोय.

माझी जागा म्हणजे लांबच लांब बाकड्यावर रंगवलेला एक आकडा. दोन आकड्यांमधलं अंतर उन्हाळ्यातल्या बारीक माणसाचं. नोव्हेंबरात प्रत्येकजण तीन कपड्यांनी फुगलेला, त्यामुळे ओळीतला शेवटचा माणूस नेहमी अर्धा पायरीवर. बाकडं धातूचं. त्याचा गारठा आधी कळत नाही, आणि कळतो तेव्हा कंबरेखाली आपलं असं काही उरलेलं नसतं.

डावीकडे एक आजी होत्या. लाल स्वेटर, लाल चष्मा, मांडीवर लाल कांबळं. गेली एकतीस वर्षं त्या काकांच्या शेजारी बसतात. माझ्याकडे बघितलं, मफलरकडे बघितलं, फोनवरच्या आकड्याकडे बघितलं. “तो बरा आहे ना?” त्यांनी विचारलं. काकांनी आयोवावाल्याला तिकीट दिलं म्हणजे डोक्यावर परिणाम झाला असणार, अशी ती काळजी होती. मी नातीचं सांगितलं. त्यांनी सुस्कारा सोडला, कांबळ्याचं अर्धं टोक माझ्या मफलरवरून लपेटलं आणि म्हणाल्या, “हे असं राहू दे.”

खेळ मला कळतो, पण बसून बघण्याचे नियम वेगळे निघाले. चेंडू आपल्याकडे असेल तेव्हा नव्वद हजार माणसं चिडीचूप, म्हणजे आपल्या पोरांना एकमेकांचे इशारे ऐकू जातील. चेंडू त्यांच्याकडे गेला की कानठळ्या. मी वानखेडेवर वाढलेला माणूस. आपल्या गड्याला चेंडू मिळाला की ओरडायचं, हे रक्तात. पहिल्याच डावात भर शांततेत ‘चल रे माझ्या वाघा!’ असा एकट्याचा आवाज घुमला. समोरच्या सहा ओळी वळल्या. कांबळं जरा सरकलेलं होतं, पिवळं दिसत होतं. आजींनी ते पुन्हा नीट केलं.

आपले पहिले गुण लागले आणि हजारो लाल फुगे एकदम आकाशात सुटले. जत्रेतल्या फुगेवाल्याच्या हातून दोरी सुटावी तसे, पण अख्खी जत्राच्या जत्रा. तेवढ्यासाठी आलो ते वसूल झालं असं वाटलं. (पुढच्याच वर्षी हेलियमच्या टंचाईमुळे हे बंद झालं.) आजींनी रन्झा मागवला. इथली खासियत; पावात खिमा, कोबी आणि कांदा भरून भाजलेला. अर्धा मला देऊ केला. मी शाकाहारी, शिवाय चार लाडू वर. नको म्हटलं. त्यांना ते आयोवाचं वाटलं.

साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो. मधे मधे सगळे नुसते उभे राहतात, कारण टीव्हीवर जाहिराती चालू असतात. मैदानात बावीस धिप्पाड पोरं कमरेवर हात ठेवून कुठल्याशा विम्याची जाहिरात संपायची वाट बघतात. पण चारपैकी तिसऱ्या डावात २१-६ अशी आघाडी आपली होती. ओळीतले लोक एकमेकांकडे बघेनात. मला वाटलं, जिंकतोय की, हसा जरा! आजी म्हणाल्या, “बोलू नकोस.” मग आयोवाच्या एका गड्यानं आपली किक अडवली, दुसऱ्यानं चेंडू उचलून थेट आपल्या शेवटच्या रेषेपार नेला, म्हणजे टचडाऊन. नव्वद हजार माणसांतून एक सुस्कारा आला, आश्चर्याचा नाही, ओळखीचा. अंगणात येऊन उभ्या राहिलेल्या वसुलीवाल्याला बघून येतो तसला. शेवटी २८-२१. नववा पराभव, सातच गुणांनी.

पंधरा मिनिटं शिल्लक असताना मला उठावंसं वाटत होतं. पाय मेलेले, लाडू छातीशी. पण इकडेतिकडे बघितलं तर आमच्या ओळीतून कुणी हललं नव्हतं. आजी तर कांबळ्याची घडीसुद्धा घालत नव्हत्या. मी पण बसलो. रात्री साडेतीन वाजता मंडपात कसं वाटलं होतं ते आठवलं. फक्त इथे टाळ नव्हते आणि कुत्रं नव्हतं.

सामना संपल्यावर पाहुणा संघ आत जायला निघाला आणि ही लाल माणसं उभी राहून त्यांना टाळ्या वाजवायला लागली. नुकत्याच हरवून गेलेल्यांना! इथली रीत आहे म्हणे. मी पण वाजवल्या. तेवढ्यात आजींनी कांबळं काढून घेतलं, कारण त्यांना निघायचं होतं, आणि मी भर लाल गर्दीत काळापिवळा उघडा पडलो.

गेटपर्यंत माझं अकरा जणांनी अभिनंदन केलं. मी मोजले. एका म्हाताऱ्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला, डोळे ओले होते त्याचे, आणि म्हणाला, “चांगलं खेळलात तुम्ही लोक.” पहिल्या तिघांना मी सांगू लागलो, की नाही हो, माझ्या आत लाल आहे. चेन उघडून दाखवेपर्यंत ते पुढे निघून जात. चौथ्यापासून ‘थँक यू’ म्हणायला लागलो.

रात्री डेन्व्हरहून काकांचा फोन आला. स्कोअर त्यांना ठाऊकच होता, तो विषयच काढला नाही.

“शेवटपर्यंत बसलास?”

“बसलो.”

पलीकडे नात रडत होती. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत.

“आजींचा मेसेज आलाय,” मग म्हणाले. “पुढच्या वर्षी मला जमलं नाही तर त्या आयोवाच्या पोरालाच पाठव म्हणाल्या. आणि त्याला काही खायला बरोबर देत जा. भिंतीकडे तोंड करून खात होता म्हणे.”