बांधावरच्या डीपीला (म्हणजे ट्रान्सफॉर्मरला) भाडं? कलम 57 वाचलंय का कोणी

काल रात्री निफाडहून मामांचा फोन. "अरे, वावरात डीपी असली की महिन्याला 2 ते 5 हजार भाडं मिळतं म्हणे, तू नाशिकला राहून काय करतो?" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर तो मेसेज. तोच, वर्षातून दोनदा उगवणारा. वीज कायदा 2003, कलम 57, शेतात पोल किंवा डीपी असेल तर दरमहा भाडं, 30 दिवसात कनेक्शन नाही तर आठवड्याला 100 रुपये, डीपी 48 तासात दुरुस्त, स्वतःचं मीटर बसवायचा हक्क, आणि शेवटी "प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा". पोहोचला की! मामांनी 200 रुपये देऊन गावातल्या एकाकडून अर्जपण भरून घेतलाय.

भाड्याचं आधी बोलतो, डोकं तिथंच फिरलं. कलम 57 मोबाईलवर उघडा, पाच मिनिटं लागत नाहीत. वीज नियामक आयोगाने वितरण कंपन्यांना कामाची मानकं ठरवून द्यायची आणि कंपनीने ती पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई, विषय संपला. त्यात डीपी नाही, पोल नाही, जमीन नाही, भाडं तर नाहीच नाही. वजन यावं म्हणून मेसेजमध्ये 7 जून 2005 ही तारीख टाकलीय. राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरणचा कारभार सुरू झाला 6 जून 2005 ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी कंपनी भाडं वाटायला बसली होती काय राव?

आलं कुठून हे? 66 केव्ही आणि त्यावरच्या, म्हणजे उच्च दाबाच्या लाईनीचे मोठे टॉवर असतात, त्यांच्याखालच्या जागेचा मोबदला मिळतो, पण तो एकदाच. आणि सौर कृषी वाहिनी 2.0 या सरकारी योजनेत सबस्टेशनजवळची जमीन सौर प्रकल्पाला दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, ते खरंखुरं भाडं. कोणीतरी या दोन्हीची भेळ करून पुढं सरकवलीय.

करू देत, पण याने नुकसान किती होतंय ते ऐका. मामांची डीपी 63 केव्हीएची, म्हणजे फार तर 63 किलोवॅट पेलणारी, तिच्यावर 5 एचपीच्या 18 मोटारी. एक मोटर साधारण पावणेचार किलोवॅट धरा, 18 चे 67 झाले, म्हणजे सगळ्या चालू असल्या तर कागदावरच ती पुरत नाही, त्यात निम्म्यांना डीपीवरचा भार कमी करणारा कॅपॅसिटर नाही आणि सगळ्यांना ऑटो स्विच. रात्रीची लाईन आली की 18 च्या 18 एकदम उठतात आणि फ्यूज जातो. दिवाळीत गेलो तेव्हा पेटी बघितली, फ्यूजच्या तारेच्या जागी केबलचे पदर पिळून घातलेले, काळे पडलेले. असं केल्यावर फ्यूज उडत नाही हे खरं, मग डीपीच जळते, आणि ऐन छाटणीनंतर द्राक्षाला पाणी नाही.

इलाज एकच, लोड वाटून घ्यायला दुसरी डीपी. तिला शेजारच्या बांधावर जागा हवी तर शेजारी काय म्हणतो? "आधी भाडं लिहून द्या." हाच मेसेज दाखवतो वर. घ्या.

बाकीच्या मुद्द्यांत थोडंफार तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. महिन्याभरात कनेक्शन हे कलम 43 मध्ये आहे, पण नवीन लाईन टाकावी लागली तर मुदत त्यानंतर, आणि शेतात बहुतेकदा लाईन टाकावीच लागते. मीटर स्वतः विकत घ्यायची मुभाही आहे, असू दे.

48 तासांचं मात्र खरं, ग्रामीण भागातल्या जळालेल्या डीपीसाठी आयोगाच्या मानकांत आहे ते. आणि गंमत बघा, मागच्या वेळी डीपी जळाली तेव्हा 18 जणांनी वायरमनला फोन करकरून त्याचं डोकं खाल्लं, पण महावितरणच्या 1912 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तक्रार नंबर घेतलेला एकही नाही, लेखी अर्ज तर लांबच. मग 48 तास मोजायचे कुठून? तक्रार नंबर असता तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचात जाता आलं असतं, तो नाशिकलाच आहे, तिथंही नाही जमलं तर विद्युत लोकपाल.

हे सगळं मामांना अर्धा तास समजावलं. म्हटलं तो 200 चा अर्ज ठेवा बाजूला, शेजाऱ्याला भेटा, दुसऱ्या डीपीसाठी 18 जणांच्या सह्या घ्या. मामा हूं हूं करत होते. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी मेसेज आला, "पण मग त्याच्या बांधावर डीपी गेली तर भाडं त्याला मिळंल का?"