पिंपात पाणी कशाला? निपाणीच्या वाचकांना उत्तर

जुन्या लोखंडी पिंपाचा स्मोकर, म्हणजे धुरावर मटण शिजवायची भट्टी, करण्याआधीच्या तयारीवर मी लिहिलं होतं: झाकण कापण्याआधी पिंपात काठोकाठ पाणी भरा, मग आत जाळ करून आतला लेप जाळा, आणि गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं, पिंप घेऊ नका. त्यावर निपाणीहून एका वाचकांची प्रतिक्रिया आली. पिंप २२० लिटरचं नसतं, असं ते म्हणतात. आत लाकडं पेटवून शेजाऱ्यांना धूर देण्यापेक्षा वायर ब्रशने घासलं तरी भागतं. गॅल्व्हनाइज्ड पिंपही चालतं, असंही त्यांचं म्हणणं. रविवारी ते स्वतः एक कापणार आहेत. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "कापायच्या आधी काठोकाठ पाणी भरा म्हणे! असलं ज्ञान घरात बसून व्हिडिओ बघणाराच देणार, आम्ही सोड्याने धुतो नि ग्राइंडर लावतो, आजवर काही झालं नाही."

लिटरचं मान्य. ते पिंप २०० लिटरचं म्हणूनच विकतात, काठापर्यंत भरलं तर दहाएक लिटर जास्त मावतं. माझा आकडा चुकला, लेखात दुरुस्त केला आहे. चूक दाखवल्याबद्दल आपले आभार.

पण "घरात बसून" हे आपण कशावरून ठरवलंत? माझं लहानपण बेळगावच्या उद्यमबागेतल्या वडिलांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये गेलं. शाळा सुटली की दप्तर घरी टाकून मी तिथे जायचो. रॉडची थोटकं गोळा करायची, छिन्नीला धार लावून आणायची, ही माझी कामं. पिंप कसं वाजलं की रिकामं आणि कसं वाजलं की तळाला काही उरलंय, हे मी व्हिडिओ यायच्या कितीतरी आधी कानाने शिकलो. मतभेद असू देत, पण अनोळखी माणसाशी बोलायची ही रीत आपल्याकडे नाही.

आणि "आजवर काही झालं नाही" हे वाक्य मला नवीन नाही. मी आठवीत असताना शेजारच्या शेडमधला एक कारागीर हेच म्हणायचा. दुपारी आमच्यात बसून भाकरी खायचा. एके दिवशी त्याने थिनरचं पिंप आणलं, सोडा घालून दोनदा धुतलं, बुचं काढून उन्हात वाळवलं आणि गॅस कटर लावला. झाकण उडून शेडच्या छताच्या पत्र्याला लागलं. माणूस वाचला, पण एक डोळा गेला. त्याचा डबा आमच्या शेडमध्ये राहिला होता. संध्याकाळी तो त्याच्या घरी पोचवायला वडिलांनी मला पाठवलं. दार त्याच्या आईने उघडलं. तेव्हा मी काय बोललो ते आठवत नाही, पण डबा हातात होता ते आठवतं. मी पाणी भरा लिहितो ते यामुळे, समजलं का?

धुतलेलं पिंप का पेटतं ते पुन्हा सांगतो. पिंपाच्या वरच्या-खालच्या कडा दुमडून बंद केलेल्या असतात. त्या दुमडीत थोडा माल राहतोच, सोड्याचं पाणी तिथपर्यंत नीट पोचत नाही. पत्रा तापला की त्याची वाफ होते. पेट्रोलचं उदाहरण घ्या. हवेत त्याची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने पेटते. एवढ्या मोठ्या पिंपाला तेवढी वाफ करायला दोन मोठे चमचे पेट्रोल पुरतं. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामं पिंप धोक्याचं ते याचमुळे, कारण त्यात वाफ आणि हवा दोन्हींना जागा असते. पाणी ती जागाच घेतं. त्या प्रसंगानंतर आमच्या शेडमध्ये पिंपाचं झाकण पाणी भरूनच आणि छिन्नी-हातोडीनेच कापलं गेलं. पाण्याशेजारी विजेचा ग्राइंडर आणायचा नाही, ठिणगीही नको. अर्धा तास जास्त लागतो, हात भरून येतात. लागू दे की.

बाकीच्या मुद्द्यांवर फार बोलण्यासारखं नाही. आतला तांबूस-तपकिरी लेप कारखान्यात भट्टीत पक्का केलेला असतो. ब्रशने त्याची चमक जाते, लेप राहतो. म्हणून आधी तळाशी हवेची भोकं पाडायची, मग दोन-तीन तास दणदणीत जाळ, त्यानंतर ब्रश, धुणं आणि तेलाचा हात. ज्याच्यात मटण चार-पाच तास ११०-१२० अंशांवर ठेवायचं, त्याच्या पत्र्यावर रंगाचा ठिपकाही मला नको. गॅल्व्हनाइज्ड अजिबात नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, लेप जाळायच्या जाळात तेवढी आच सहज होते, आणि जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. धुराचं म्हणाल तर माझ्या शेजाऱ्यांचं मी बघून घेईन, त्यांची वकिली आपण करू नये.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण रविवारी कापणार ते पिंप कशाचं, हे तुम्ही लिहिलंच नाही. वरचं लेबल फाटलं असेल तर ज्या भंगारवाल्याकडून घेतलं त्याला विचारा. आंब्याच्या पल्पचं, कडीने अख्खं झाकण निघणारं असेल तर झाकण कापायचा प्रश्नच नाही. थिनर, पेट्रोल किंवा रंगाचं असेल तर ते परत द्या, त्यात मटण नको. औषधाचं, म्हणजे शेतात फवारायच्या औषधाचं असेल तर हातही लावू नका. काय आहे ते शनिवारपर्यंत इथेच खाली लिहा, मी रात्री बघतो.