एजंट का लागतो, ते खिडकीसमोर उभं राहिल्यावर कळतं

लेखात म्हटलंय की आधारवरून घरबसल्या शिकाऊ परवाना मिळायला लागला आणि आरटीओतल्या एजंटांची गरज संपली. हे पटलं नाही. २०२१ पासूनची ती सोय चांगलीच आहे, माझ्या भाचीनं परीक्षा घरी बसूनच दिली. पण शिकाऊ परवाना सहाच महिने चालतो. पक्क्यासाठी ३० दिवसांनंतर चाचणीला जावंच लागतं, आणि आमच्या तालुक्यात आरटीओचा कॅम्प लागतो तेव्हा तारीख मिळता मिळत नाही. एजंट तिथेच भेटतो.

बाबा ६७ वर्षांचे. परवान्याच्या नूतनीकरणासाठी चाळिशीनंतर डॉक्टरांचा १-अ नमुना, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागतो, तो आम्ही नेला होता. अडलं ते ओटीपीवर, कारण आधारला जोडलेलं सिम कधीच बंद झालेलं. खिडकीवर "ऑनलाइन करा" एवढंच उत्तर, दोनदा. कागदांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून बाबा दीड तास उभे होते, बसायला बाकडं नाही. शेवटी दुसऱ्या टेबलावरच्या एक मॅडम उठून बाहेर आल्या, आधी आधार केंद्रात नंबर बदला, मग अर्ज कुठून भरायचा, हे त्यांनी अर्जाच्या पाठीमागे पेननं लिहून दिलं. पाच मिनिटं लागली. पुढच्या आठवड्यात आमचं काम झालं, एजंटाला एक रुपया न देता. पंचावन्नच्या पुढे परवाना पाचच वर्षांचा मिळतो, म्हणजे बाबांना परत यायचंच आहे. अशी माहिती देणारं एक माणूस प्रत्येक कार्यालयात दारातच बसवा.