सांगकाम्या डबा

शनिवारी रात्री ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर मन्या उगवला तोच तणतणत. वाशीला मावसभावाचं लग्न होतं आणि हा पोचला तेव्हा वाढपी पातेली घासायला नेत होते.

"गाडीतला तो रस्ता दाखवणारा डबा उपटून फेकणार आहे मी! नौपाड्यातून निघालो तर कळवा-विटाव्यावरून नेलं. पुलाखाली तुंबलेलं पाणी, पाऊण तास गेला."

बोलताना मन्याचे दोन्ही हात माजिवड्याच्या हवालदारासारखे फिरतात. सुऱ्याने कटिंगचा ग्लास मागे घेतला.

"अमेरिकेचा उपग्रह तो, आपल्याला मुद्दाम फिरवतो. आपले भारताचे 'नाविक' उपग्रह पाहिजेत, नाविक!"

"बरोबर," स्मिता म्हणाली. "पावसात विटाव्याच्या पुलाखाली नाविकच लागतो."

माझा चहा सांडला.

"मन्या, उपग्रहावरून फक्त तू कुठे आहेस ते कळतं. रस्ता डबा निवडतो. सेटिंगमध्ये काय ठेवलंयस, कमी वेळ की कमी अंतर?" मी विचारलं.

"अंतर. पेट्रोल वाचतं."

"आणि 'टोल टाळा'वर टिक?"

मन्या तलावातल्या बोटी मोजू लागला.

"अरे, वाशीच्या दुसऱ्या वाटेवर, मुलुंड-ऐरोलीला, छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्येच बंद झाला!"

"नाका तर अजून आहे तिथे."

"ट्रकवाले भरतात ना. तुझ्या जुन्या नकाशाला माफीचं कोण सांगणार? तू टाळ म्हणालास, त्याने टाळलं. जे 45 रुपये कोणी मागतच नव्हतं, त्यांच्यापायी जेवण घालवलंस."

शिवाय त्या डब्याला नेट नाही, म्हणजे ट्रॅफिक कळायचा प्रश्नच नाही. रस्ता कसला आहे ते बघून तो वेग धरतो. पहाटे चार असोत की संध्याकाळचे सात, विटावा त्याला मोकळाच. डबा बिचारा सांगकाम्या. मला तर मन्यापेक्षा त्याचीच दया आली.

"टोलवरून आठवलं," सुऱ्या म्हणाला, "गोव्याला जाताना सगळे टोल मी भरले होते. मन्या, हिशोब?"

"आधी माझी बॅट दे! मोडलीस ती."

पुढची दहा मिनिटं बॅटवर गेली. ती आधीच तडकलेली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

शेवटी स्मिता उठली, मन्याच्या गाडीत जाऊन बसली. टोलची टिक काढली, अंतराचं वेळेवर आणलं. मन्या खिडकीतून, "टिक राहू दे गं, परत सुरू झाला टोल तर?"

"चल, आता घर लावून बघू," म्हणत तिने 'घर' दाबलं.

डबा उत्साहाने बोलला. रस्ता निघाला तो थेट डोंबिवलीचा.

गाडी सेकंडहँड, घर आधीच्या मालकाचं. पण सुऱ्याने तोवर फोन काढला होता. "थांब, वहिनींना विचारतो, डोंबिवलीत कोण असतं ते!"

मन्या फोनमागे धावला. पाळीला अर्धी फेरी झाली दोघांची.