‘कायदा तोच, मग तुलना कशाची?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

गोवा आणि पोर्तुगाल येथील वारसाविषयक कायद्यांच्या तौलनिक अभ्यासावर मी लिहिलेल्या लेखाला एका वाचकांनी दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिच्यातले मुख्य वाक्य असे : ‘गोव्यातला कायदा पोर्तुगालचाच असल्यामुळे लिस्बनमध्ये वर्षभर राहून दोन्हीकडची कलमे शेजारी-शेजारी मांडणे हा अभ्यास नव्हे, ती सहल आहे.’ त्याखेरीज एका सनाची चूक, गोव्यातील हिंदूंच्या रूढींविषयीच्या १८८० च्या हुकुमाचा अनुल्लेख आणि माझे पोर्तुगीजचे ज्ञान असे तीन आक्षेप आहेत.

सनाची चूक मला मान्य आहे. पोर्तुगालची नवी नागरी संहिता १९६६ ची असली तरी ती लागू झाली १ जून १९६७ पासून. मी ‘१९६६ पासून लागू’ असे लिहिले होते. ते दाखवून दिल्याबद्दल आभार.

परंतु ‘सहल’ हा शब्द मला अतिशय लागला, आणि तो का लागला हे सांगणे मला आवश्यक वाटते. माझे आजोळ गोव्यातील डिचोलीचे आणि वडिलांचे घर महाराष्ट्रातील सावंतवाडीचे. मी पुण्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना दोन्ही आजोबा वर्षभराच्या अंतराने गेले. सावंतवाडीच्या आजोबांनी घर आणि कलमांची बाग मृत्युपत्राने धाकट्या काकांना दिली होती. मिळकत त्यांची स्वकष्टार्जित असल्यामुळे कोणालाच काही म्हणता येईना, आणि माझ्या दोन्ही आत्या रिकाम्या हातांनी परत गेल्या. डिचोलीत मात्र न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटणी करण्याची कार्यवाही, दाखल झाली. वाटणीच्या तक्त्यात आजीचा अर्धा भाग आधी बाजूला काढला होता आणि उरलेल्या अर्ध्यात मुलगा आणि मुली अशा सगळ्यांचे वाटे सारखे होते. आजोबांनी मृत्युपत्र केले असते, तरी स्वतःच्या भागाच्या निम्म्यापलीकडे त्यांना कोणाला काही देता आले नसते, कारण बाकीचे निम्मे म्हणजे मुलांचा राखीव हिस्सा, ज्याला तिथले वकील लेजिटिम म्हणतात. आजी त्या तक्त्यावर बोट ठेवून मला म्हणाली, ‘हे मला आज मिळालं नाही ना? हे माझंच होतं?’ होय, लग्नाच्या दिवसापासून ते तिचेच होते. हा प्रश्न घेऊन मी लिस्बनला गेले होते. माझ्याविषयी काहीही ठाऊक नसताना त्या वर्षाला सहल ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

आता ‘कायदा पोर्तुगालचाच’ या विधानाकडे वळते. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता सागरापारच्या प्रांतांना, म्हणजे गोव्यालाही, १ जुलै १८७० पासून लागू झाली, इथपर्यंत आपले बरोबर आहे. १९६१ च्या मुक्तीनंतर संसदेने १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने गोव्यातील प्रचलित कायदे चालू ठेवले. त्याच संहितेच्या जागी पुढे पोर्तुगालने नवी संहिता आणली, आणि तिथपासून दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नव्या पोर्तुगीज संहितेत पती-पत्नीचे समाईक ठरते ते मुख्यतः लग्नानंतर मिळवलेलेच. नवऱ्याकडे लग्नाआधीपासून असलेल्या घरात बायकोचा अर्धा भाग तिथे आपोआप निर्माण होत नाही. १९७७ च्या दुरुस्तीने मात्र ती मुलांच्या बरोबरीने पहिल्या श्रेणीची वारस झाली आणि तिच्यासह मुलांचा राखीव हिस्सा मालमत्तेच्या दोन-तृतीयांशावर गेला. गोव्याने २०१२ चा स्वतःचा उत्तराधिकार कायदा करतानाही जुनी चौकट जपली. मुले असताना विधवा नवऱ्याच्या भागात वारस नसते, पण जुन्या घरासकट सगळ्याचा अर्धा भाग नवऱ्याच्या हयातीतच तिचा असतो. एका ठिकाणी संरक्षण वारसाहक्कातून येते, दुसऱ्या ठिकाणी विवाहातून. हा फरक दोन्ही संहिता शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही, आणि आपण हिणवलेले काम नेमके तेच आहे.

शिवाय १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ही संहिता परकीय कायदा नसून संसदेने स्वीकारलेला भारतीय कायदा आहे, असे स्पष्ट केले. त्या खटल्यात गोव्याच्या रहिवाशाने मुंबईतील घर मृत्युपत्राने एका मुलीला दिले होते, आणि घर महाराष्ट्रात असले तरी त्याला गोव्याचाच कायदा लागू होतो असे ठरले. निकाल न वाचता ‘पोर्तुगालचाच’ असे ठामपणे लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या अभ्यासाची पातळी काढू नये, एवढे मी स्पष्टच सांगते.

गोव्यातील हिंदूंच्या रूढींविषयीचा १८८० चा हुकूम हा स्वतंत्र विषय आहे आणि तो लेखाच्या कक्षेत नव्हता. माझ्या पोर्तुगीजविषयीच्या शेऱ्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. मी ती भाषा चार वर्षे शिकले आहे आणि लेखातील सर्व कलमे मुळातून वाचली आहेत.

लागू होण्याच्या सनाची दुरुस्ती मूळ लेखात आजच केली आहे. आजीच्या अर्ध्या भागाविषयीच्या परिच्छेदातला शब्दही बदललेला नाही आणि बदलणार नाही.