आतड्यात दहा किलो मळ? आधी तो मिठाचा तांब्या खाली ठेवा

‘प्रत्येकाच्या आतड्यात 10 किलो जुना मळ चिकटलेला असतो. रोज पोट साफ झालं नाही तर त्याचं विष रक्तात भिनतं. आयुर्वेदातला उपाय: दर रविवारी लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ, एका दमात. शौचाला उकिडवं बसा.’ हा फॉरवर्ड आता मावशीपर्यंत पोचलाय आणि तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणून आधी मीठ.

चहाचे दोन चमचे म्हणजे 10 ते 12 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. मिठामुळे पाणी आतड्यात राहतं आणि जुलाब होतात. ‘सफाई’ म्हणतात ती एवढीच. त्यातलं बरंचसं मीठ रक्तातही जातं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने हा खेळ करूच नये.

दहा किलो? आतड्याच्या अस्तराच्या पेशी काही दिवसांत गळून नव्या येतात. मळ वर्षानुवर्षं चिकटणार कशाला?

विषाची गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. तिच्यापायी लंडनचे सर्जन अर्बथनॉट लेन रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढत. 1919 मध्ये वॉल्टर अल्वारेझ यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात साधा सवाल केला: शौचाला झाल्यावर डोकं लगेच हलकं होतं, रक्तातलं विष इतक्या चटकन उतरेल का? त्रास ताणलेल्या गुदाशयाचा, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागाचा असतो.

‘रोज’चंही तेच. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नॉर्मल.

मळ गुदाशयात उतरला की गुदद्वाराचं आतलं स्नायूचं कडं आपोआप सैल होतं. बाहेरचं आपल्या ताब्यात. ते आवळून धरलं की कळ विरते, मळातलं पाणी शोषलं जातं आणि उद्या खडा. मेसेजमध्ये आयुर्वेदाची ग्वाही आहे. वेग, म्हणजे शौच-लघवीसारख्या नैसर्गिक हाका, अडवू नयेत म्हणून चरकसंहितेत अख्खा अध्याय आहे, तो कुणी फॉरवर्ड करत नाही. लोहाच्या गोळ्या, मंदावलेलं थायरॉईड हीही बद्धकोष्ठाची कारणं. रक्त पडलं, वजन उतरलं किंवा पन्नाशीनंतर सवय बदलली तर थेट डॉक्टर.

उकिडवं बसण्याचं मात्र खरं, मान्य. त्याने गुदाशयाची वाकडी वाट सरळ होते. कमोड असेल तर पायांखाली सात-आठ इंचांचा चौरंग घ्या. नाश्त्यानंतर अर्ध्या तासात बसा, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलतं. पाच मिनिटं, मोबाईल बाहेर. इसबगोल घ्यायचं तर पेलाभर पाण्यात चमचाभर, ढवळून लगेच, वर आणखी पेलाभर पाणी; कोरडं घेतलं तर घशात फुगून अडकतं.