लखपती मोजल्या, उचल कोण मोजणार?

25 ऑगस्ट 2024 ला जळगावात लखपती दीदी संमेलन झालं. पंतप्रधान आले होते. देशभरातल्या 11 लाख नव्या लखपती दीदींचा, म्हणजे वर्षाला लाखाचं उत्पन्न गाठलेल्या बचत गटांतल्या बायांचा गौरव झाला, 4 लाख 30 हजार बचत गटांसाठी 2,500 कोटींचा निधी सुटला, शिवाय 5,000 कोटींची बँक कर्जं. त्या संध्याकाळी युरोपातल्या आम्हा खान्देशी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. ‘उमेद’चा, म्हणजे सरकारच्या बचत गट अभियानाचा, आढावा कुठं छापून आला की पुन्हा सुरू. एक पक्ष म्हणतो, बघा, आपल्या बाया कुठल्या कुठं पोचल्या. दुसरा म्हणतो, कसलं काय, लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये खात्यात पडायला लागल्यापासून मीटिंगला कुणी फिरकत नाही, फुकटाची सवय लागली.

मला आता दोन्हींचा कंटाळा आलाय. दोघांचं लक्ष सरकारच्या हातातून काय सुटलं याकडे आहे. नंदुरबार जिल्ह्यातली गरिबी हटली की नाही हे पाहायचं असेल तर दिवाळीनंतरच्या आठवड्यात रस्त्यावर उभं राहावं आणि ट्रक मोजावेत.

आमचं गाव शहादा तालुक्यातलं. तापीकडचा काळा पट्टा, पाणी बरं, ऊस-केळी-पपई. आमच्या गल्लीतला गट उत्तम चालतो, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी ‘उमेद’वर उठलोय. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान 2011 ला सुरू झालं, ‘उमेद’ हे त्याचं आपल्या राज्यातलं नाव. गट, गटांचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ, फिरता निधी, मग बँकेचं कर्ज, अशी त्याची उतरंड. माझी वहिनी ग्रामसंघाची सचिव आहे. बँकेत मॅनेजरसमोर खुर्चीवर बसून ती बोलते, आणि तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, बँकेचं दार आतून कधी पाहिलं नव्हतं. कुणी बिबड्या-पापड विकतं, कुणी म्हैस घेतली, कुणी पोराची इंजिनीअरिंगची फी भरली. महाराष्ट्रासह नऊ राज्यांत या अभियानाचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात सहभागी कुटुंबांचं उत्पन्न सुमारे 19 टक्क्यांनी वाढलेलं आणि सावकारी कर्जाचा वाटा घटलेला दिसला. ही थोडीथोडकी गोष्ट नाही. आमच्या गल्लीत ती डोळ्यांनी दिसते.

पण गल्लीच्या पलीकडे भिलाटी, भिल्लांची वस्ती, आहे. तिथंही गट आहेत, कागदावर सारखेच. दिवाळी झाली की तिथल्या झोपड्यांना कुडं लागतात आणि माणसं गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली असते, घरात दाणे नसतात तेव्हा. ती फेडायला हंगामभर तोडायचं, होळीला परतायचं. मध्येच सुटून आलं तर उचल अंगावर राहते, पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं बारडोलीच्या फडातल्या खान्देशी मजुरांवर 1970 च्या दशकातच लिहून ठेवलंय. पन्नास वर्षं होत आली. तिथले साखर कारखाने सहकारी आहेत, बरं का. सहकार उसाच्या मालकांचा. तोडणारा त्यात कुठंच सभासद नाही.

आता गटाचा नियम पाहा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, नीट हिशेब, आणि त्यापुढे आणखी पाच, अशी दशसूत्री. निदान पहिली पाच पाळली तर प्रतवारी चांगली, प्रतवारी चांगली तर बँक कर्ज देणार. भिलाटीतल्या गटाचं हजेरीपत्रक दिवाळीपासून होळीपर्यंत कोरं. म्हणजे गट अनियमित. म्हणजे कर्ज नाही, किंवा अगदीच किरकोळ. जिला सगळ्यात जास्त गरज, तीच नापास होते, आणि नापास कशामुळे, तर ज्या गरिबीवर हे अभियान निघालं त्याच गरिबीमुळे. आढाव्यात मात्र ‘गटांची गुणवत्ता सुधारणे आवश्यक’ एवढंच एक वाक्य उमटतं.

मागे फोनवर वहिनीला विचारलं, लाडकी बहीण आल्यापासून या बायकांचं बरं चाललंय का. ती म्हणाली, “त्यासना खातामा पैसा येस, पन उचल फिटत नही.” सहा महिन्यांत माझ्या कानावर आलेला हा सगळ्यात चांगला आढावा.

आकड्यांचं म्हणाल तर लखपतीची व्याख्या कुटुंबाच्या उत्पन्नावर आहे: वर्षाला किमान एक लाख, आणि ते टिकाऊ असावं म्हणून महिन्याची सरासरी दहा हजारांवर. पाच माणसांच्या घरात लाखाला भागलं की डोकी दिवसाला 55 रुपये पडतात. याला लखपती म्हणायचं तर म्हणा, शब्दावर कर नाही. माहिती भरते ती गटांचं काम पाहणारी गावातलीच सखी, मोबाइलवर. तिचं मानधन 2023 ला राज्यानं तीन हजारांवरून सहा हजार केलं, तेव्हा कुठं तिला रिचार्ज परवडू लागला असेल. उद्दिष्ट वरून येणार, नोंद खालून जाणार, दोन्हीची गाठ तिच्याच मोबाइलवर. ती कुणाच्या बाजूनं आकडा भरणार?

नीती आयोगाच्या गरिबी निर्देशांकाचंही तसंच. 2021 च्या पहिल्या अहवालात नंदुरबार राज्यात सगळ्यात गरीब होतं, निम्म्याहून जास्त लोक बहुआयामी गरिबीत. 2023 च्या अहवालात ते प्रमाण बरंच उतरलं. उतरलं ते खरंच आहे, पण त्या निर्देशांकात उत्पन्न मोजतच नाहीत. गॅस, संडास, वीज, बँक खातं, शाळेची वर्षं, पोषण, हे मोजतात. घरात गॅस आला आणि घर सहा महिने बंद, असंही होऊ शकतं.

मी राहतो तो जर्मनीतल्या वेस्टरवाल्डचा डोंगराळ भाग. एकेकाळी हाही उपाशीच होता. 1846-47 च्या दुष्काळात इथल्या वायरबुश गावचा महापौर राइफायझेन यानं श्रीमंतांकडून पैसे गोळा करून गरिबांना उधारीवर पीठ-पाव दिले. पुढे त्याच्या लक्षात आलं की दात्यांचा उत्साह टिकत नाही, आणि 1864 ला त्यानं कर्जदारच सभासद असलेली पतसंस्था काढली. आपल्याकडचा 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा याच घराण्यातला. इथल्या जर्मनांना हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते, बारडोलीचं सांगितलं की गप्प होतात.

इथून उचलण्यासारखी गोष्ट मला एकच वाटते, तपासणी. 1889 च्या कायद्यानं प्रत्येक सहकारी संस्थेची ठरावीक मुदतीनं तपासणी सक्तीची केली, आणि आजही ती करतो सहकारी संस्थांचाच संघ. फक्त वह्या नाही तपासत. संस्था सभासदाच्या कामाची राहिली आहे का, कारभार धड आहे का, तेही पाहतो. आपल्याकडे ग्रामसंघाचा आढावा घेणारे तालुक्यावरून येतात, कंत्राटी असतात, त्यांच्या नोकरीचाच भरवसा नसतो. 2020 ला या कर्मचाऱ्यांना बाहेरच्या एजन्सीकडे द्यायचं घाटत होतं, तेव्हा गटांतल्या बायकाच जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे घेऊन उतरल्या होत्या. ज्यांना मोर्चा काढता येतो त्यांना आढावा घेता येणार नाही?

आणि फुकटाच्या सवयीबद्दल. इथं एकट्या बेकार माणसाला 2024 पासून महिन्याला 563 युरो मिळतात, घरभाडं वेगळं. त्यावर इथलेही लोक चहाच्या, म्हणजे बिअरच्या टेबलावर तेच बोलतात, शब्दाला शब्द. पण त्या टेबलावर कुणी असं म्हणत नाही की गरीब बाईनं आधी पापडाचा धंदा काढावा, हिशेब लिहावा, मार्केटिंग शिकावं, प्रदर्शनात स्टॉल लावावा, आणि मग ती गरिबीतून सुटली असं आम्ही मानू. इथं गरिबी रोखली ती मुख्यतः मजुरीनं. किमान वेतन 2025 ला तासाला 12.82 युरो झालं, त्यावर महिनोन्‌महिने संसदेत भांडण होतं, निवडणुका लढवल्या जातात. आमच्या व्हॉट्सॲपवर लाडक्या बहिणीवर शेकडो मेसेज पडले. गुजरात सरकारनं 2023 ला ऊसतोडीचा किमान दर टनाला 238 वरून 476 रुपये केला, त्यावर एकही नाही. नंदुरबारच्या हजारो घरांच्या उत्पन्नाला थेट हात घालणारा निर्णय, आणि तो मुंबईत झालाच नव्हता.

तो दर हातात पडतो का, मुकादम त्यातून किती कापतो, उचलीवर किती चढवतो, हे कोण पाहणार? ‘उमेद’च्या आढाव्यात त्याला रकानाच नाही, कारण ऊसतोड हा विषय कामगार खात्याचा, आणि फड दुसऱ्या राज्यात. वहिनीच्या ग्रामसंघाला विचारा, कुठल्या घरावर किती उचल आहे हे त्यांना तोंडपाठ आहे. सप्टेंबरात, उचल वाटली जाते त्याच सुमाराला, प्रत्येक ग्रामसंघानं तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: किती घरं जाणार, कुणाची किती उचल, आणि तेवढी रक्कम अभियानाच्याच समुदाय गुंतवणूक निधीतून दिली असती तर कोण थांबलं असतं. होळीनंतर परत विचारावं. स्थलांतर करणाऱ्या गटाच्या बैठका जूनपासून दिवाळीपर्यंतच मोजाव्यात आणि त्यावर प्रतवारी ठरवावी, म्हणजे बँकेला नाही म्हणायला कारण उरणार नाही. उचलीची यादी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सुरतेला पाठवावी. नवापूर ओलांडलं की गुजरात लागतं, फार लांब नाही.

यावर आमच्या ग्रुपवर एकानं विचारलं, पण सगळे गेलेच नाहीत तर ऊस तोडणार कोण? त्याच्या चुलत्याचा सोळा एकर ऊस आहे.